वाद्यवृंदाच्या ऑडिशनची तयारी : ठाणे-नवी मुंबईतील मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

ठाण्यात ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गडकरी रंगायतनमधला जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचा कार्यक्रम उभा राहतो : पुढे गायक-गायिका, मागे सिंथेसायझर, ढोलकी आणि ऑक्टोपॅड. या लेखाचा विषय वेगळा आहे. येथे ऑर्केस्ट्रा म्हणजे पाश्चात्त्य अभिजात संगीत वाजवणारा सिम्फनी वाद्यवृंद, ज्यात व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि डबल बेस ही तंतुवाद्ये, बासरीपासून बॅसूनपर्यंतची लाकडी फुंकवाद्ये, हॉर्न-ट्रम्पेटसारखी पितळी वाद्ये आणि तालवाद्ये अशी साठ-सत्तर माणसे एकत्र बसून, समोर लिहिलेले संगीत वाचून वाजवतात. अशा वाद्यवृंदासाठी मुले घडवणारे प्रशिक्षणवर्ग असतात आणि त्यांत मोजक्याच जागा असल्यामुळे प्रवेश ऑडिशन घेऊनच दिला जातो.

हा प्रकार आपल्याकडे अगदीच परका आहे असे मात्र समजू नये. मुंबईच्या चित्रपटसंगीतात अनेक दशके गोव्याहून आलेले वादक स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर लिहिलेले संगीत) वाचून व्हायोलिन आणि ट्रम्पेट वाजवत होते, आणि संगीतकार प्यारेलाल यांनी व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस या अशाच एका गोमंतकीय वादकाकडे. 2006 मध्ये नरिमन पॉइंटच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एनसीपीएमध्ये, सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली आणि पुढे त्याच छत्राखाली मुलांसाठी संगीत अकादमीही उभी राहिली. मेहली मेहता म्युझिक फाउंडेशनही मुंबईत मुलांना हे संगीत शिकवण्याचे काम करते. परदेशात ही परंपरा जुनी आहे. ब्रिटनचा राष्ट्रीय युवा वाद्यवृंद 1948 पासून चालू आहे आणि तिथेही मुले दरवर्षी ऑडिशन देऊनच आत जातात. वयाची अट, वाद्ये, वाजवायच्या रचना आणि शुल्क हे प्रत्येक संस्थेत वेगळे असते आणि वर्षागणिक बदलते. म्हणून ज्या वर्षी अर्ज करायचा त्याच वर्षीची सूचना संस्थेच्या संकेतस्थळावर पूर्ण वाचावी. गेल्या वर्षी ऑडिशन दिलेल्या शेजाऱ्यांच्या मुलाकडून मिळालेल्या माहितीवर विसंबू नये.

मी ठाण्यात व्हायोलिन शिकवतो. अशा ऑडिशनसाठी मुलांना तयार करताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली आणि तीच या लेखात सांगायची आहे. घरोघरी तयारी चालते ती एकट्याने वाजवायच्या रचनेची, आणि परीक्षक तपासत असतात ते हे मूल इतर वीसजणांच्या मध्ये बसून वाजवू शकेल का आणि सांगितलेले ऐकून तिथल्या तिथे बदल करू शकेल का. म्हणून तयारीचा नेहमीचा क्रम उलटा करावा : आधी वाचन, मोजणी आणि सूर, आणि त्यानंतर रचना.

पातळी ओळखणे

पहिला प्रश्न असा येतो की मूल यासाठी तयार आहे का. ठाणे-नवी मुंबईतील बहुतेक मुले एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी कॉलेज लंडन या ब्रिटिश संस्थांच्या ग्रेड (श्रेणी) परीक्षा देतात, आणि पालक ग्रेडच्या आकड्यावरून अंदाज बांधतात. हा अंदाज फसवा ठरू शकतो. एबीआरएसएमच्या नेहमीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एकूण 150 गुण असतात; त्यांपैकी 90 गुण तीन रचनांना, 21 स्केल्सना (स्वरांचे आरोह-अवरोह), 21 साइट रीडिंगला (न पाहिलेले पान वाचून वाजवणे) आणि 18 श्रवणचाचणीला असतात, आणि उत्तीर्ण होण्यासाठी 100 गुण पुरतात. म्हणजे रचना उत्तम वाजवल्या तर साइट रीडिंग कच्चे असूनही मूल पुढची ग्रेड गाठत राहते. 2020 पासून सुरू झालेल्या परफॉर्मन्स ग्रेडमध्ये तर चार रचना ध्वनिचित्रित करून पाठवायच्या असतात आणि त्यात स्केल्स, साइट रीडिंग, श्रवणचाचणी यांतले काहीच नसते. यात त्या परीक्षेचा दोष नाही, तिचा हेतूच वेगळा आहे. परंतु अशा मार्गाने पाचव्या ग्रेडपर्यंत आलेल्या मुलासमोर अनोळखी पान ठेवले आणि ‘वाजव’ म्हटले, तर पहिल्या दोन ओळींतच ते थांबते. वाद्यवृंदात दर आठवड्याला नवी पाने समोर येतात, त्यामुळे परीक्षकांना या एका गोष्टीवरून पुष्कळ कळते.

घरी करायची एक साधी चाचणी आहे. मूल सध्या ज्या ग्रेडमध्ये आहे त्याच्या दोन ग्रेड खालची, त्याने कधीच न पाहिलेली रचना त्याच्यासमोर ठेवावी, अर्धा मिनिट पाहू द्यावी आणि मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठोके देणारे यंत्र) लावून सुरुवात ते शेवट वाजवायला सांगावे. चुका झाल्या तरी चालतील. मूल न थांबता शेवटाला पोहोचले आणि शेवटच्या स्वरावर मेट्रोनोमबरोबर होते, तर सहा महिन्यांत तयारी होऊ शकते. वाटेत तीन-चार वेळा थांबले, तर एक वर्ष हाताशी ठेवावे आणि या वर्षी अर्ज करण्याची घाई करू नये.

वाद्याचाही विचार येथेच करावा. व्हायोलिन आणि बासरी वाजवणारी मुले पुष्कळ असतात, पण व्हायोला, डबल बेस, ओबो आणि बॅसून वाजवणारी फार थोडी. व्हायोलिन वाजवणारे मूल उंच असेल, हात मोठा असेल आणि त्याला खालचा, घनदाट आवाज आवडत असेल, तर शिक्षकांशी बोलून व्हायोलाचा विचार जरूर करावा. व्हायोलाच्या तारा सी, जी, डी, ए अशा, म्हणजे व्हायोलिनपेक्षा पंचमाने खाली असतात आणि तिचे संगीत वेगळ्या क्लेफमध्ये (रेघांवरील स्वरांच्या जागा ठरवणाऱ्या चिन्हात) लिहिलेले असते. ते वाचायला सरावण्यात काही महिने जातात. हा बदल केवळ जागा मिळावी म्हणून करू नये. न आवडणारे वाद्य मूल वर्षभर उचलणार नाही.

हिंदुस्थानी तालमीतून येणारी मुले

आपल्या भागात व्हायोलिनची सुरुवात हिंदुस्थानी पद्धतीने केलेली मुले बरीच असतात, आणि गाणे किंवा तबला शिकून मग पाश्चात्त्य वाद्याकडे वळलेली त्याहूनही अधिक. त्यांच्या पालकांना वाटते की आधीचे सगळे वाया गेले. मला तसे वाटत नाही. मात्र काय बदलायचे आणि काय जपायचे हे नीट ठरवावे लागते.

बदलायच्या गोष्टींत बैठक आणि जुळणी या पहिल्या. हिंदुस्थानी व्हायोलिनवादक मांडी घालून बसतो, वाद्याचे टोक उजव्या पावलावर टेकवतो आणि तारा षड्ज-पंचमाच्या जोड्यांत मिळवतो. वाद्यवृंदात वाद्य हनुवटीखाली धरायचे असते, तारा जी, डी, ए, ई अशा ठरलेल्या स्वरांत मिळवायच्या असतात आणि सगळ्यांचा आधारस्वर ए हा असतो, ज्याची कंपनसंख्या सर्वसाधारणपणे सेकंदाला 440 धरतात. आपल्याकडे षड्ज गायकाच्या गळ्याप्रमाणे हलतो. तिथे कोणीच हलत नाही, सगळे ओबोने दिलेल्या एका स्वराशी जुळवून घेतात. वाद्य धरण्याची पद्धत बदलल्यामुळे डाव्या हाताला पावलाच्या आधाराची जुनी सवय सोडावी लागते आणि याला वेळ लागतो. बैठक बदलून सहा महिनेही झाले नसतील तर ऑडिशन पुढच्या वर्षी द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण खांदा आखडलेल्या मुलाचा आवाज पहिल्या स्वरालाच आखडलेला ऐकू येतो.

दुसरी गोष्ट मींडेची. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधला प्रवास ऐकवणे हे आपल्या संगीताचे सौंदर्य आहे, पण मोझार्टच्या रचनेत हाताची जागा बदलताना तो प्रवास ऐकू आला की तो दोष ठरतो. यासाठी जागा बदलण्याचा सराव अगदी सावकाश करावा आणि बोटाचा दाब सरकताना कमी करावा, म्हणजे मधले स्वर उमटत नाहीत.

तिसरी गोष्ट सुराची आहे आणि ती अधिक नाजूक आहे. तानपुऱ्याबरोबर वाढलेल्या मुलाचा शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. सप्तकाचे 1200 सूक्ष्म भाग कल्पिले, ज्यांना सेंट म्हणतात, तर पियानोवर षड्जापासून गंधार 400 सेंटवर असतो आणि तानपुऱ्याशी एकजीव होणारा गंधार सुमारे 386 सेंटवर. म्हणजे हे मूल पियानोच्या साथीने वाजवते तेव्हा काही स्वर उतरल्यासारखे वाटतात आणि ट्यूनरच्या ॲपवर काटा डावीकडे जातो. अशा वेळी ‘तुझा कान खराब आहे’ असे मुलाला चुकूनही सांगू नये. त्याचा कान चांगला आहे म्हणूनच हे घडते. त्याला दोन्ही गंधार ऐकवावेत, फरक दाखवावा आणि पियानोबरोबरच्या तालमी वाढवाव्यात. आणि हाच कान पुढे उपयोगी पडतो, कारण तंतुवाद्यांचा समूह एकटा वाजत असतो तेव्हा चांगले वादक एकमेकांचे ऐकून असेच सूक्ष्म जुळवून घेत असतात.

जपायच्या गोष्टींत तानपुरा आणि ताल येतात. मोबाइलवरच्या तानपुऱ्याचा षड्ज स्केलच्या पहिल्या स्वराला लावून रोज दहा मिनिटे स्केल सावकाश वाजवावी. चुकीचा स्वर लगेच बोचतो आणि तो दुरुस्त करण्यासाठी कोणी सांगावे लागत नाही. तालाचे तर विचारूच नये. त्रितालाच्या सोळा मात्रा मनात चालू ठेवून समेवर येणारे मूल विरामाची मापे (ठरावीक मात्रांचे खंड) मोजताना सहसा हरवत नाही, आणि वाद्यवृंदात वीस-वीस मापे गप्प बसून नेमक्या क्षणी उठाव करायचा असतो. हे मोजण्याची तिथली रीत अशी की प्रत्येक मापाचा पहिला आकडा मापाचा क्रमांक असतो : एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार. तबला शिकलेल्या मुलांना ही रीत पाच मिनिटांत जमते.

सहा महिन्यांचा क्रम

पहिले दोन महिने रोजच्या रियाजातली पंधरा मिनिटे साइट रीडिंगला द्यावीत आणि ती रियाजाच्या सुरुवातीला, डोके ताजे असताना द्यावीत. रचना वाजवण्यापूर्वी मुलाने चार गोष्टी पाहाव्यात : किती शार्प किंवा फ्लॅट (स्वर चढवणारी-उतरवणारी चिन्हे) आहेत, मापात किती मात्रा आहेत, सर्वांत अवघड माप कोणते, आणि ते अवघड माप ज्या गतीने वाजेल तीच संपूर्ण पानाची गती. मग सुरुवात केली की थांबायचे नाही, मागे जायचे नाही, आणि डोळे वाजत असलेल्या मापाच्या पुढे ठेवायचे. एक स्वर गेला तर गेला, ताल जाता कामा नये. सरावासाठी आयएमएसएलपी या संकेतस्थळावर स्वामित्वहक्क संपलेल्या रचनांची पाने मोफत मिळतात. व्हायोलिनच्या मुलांना मी तिथून हायडनच्या चौकड्यांमधले (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनांमधले) दुसऱ्या व्हायोलिनचे भाग काढून देतो. ते भाग बोटांना फार अवघड नसतात, पण विराम, मध्येच येणारे उठाव आणि साथीचे आकार यांनी भरलेले असतात, आणि वाद्यवृंदातले पान बहुतांशी असेच दिसते.

याच काळात सूचनेत दिलेल्या सर्व स्केल्स पूर्ण कराव्यात. स्केलकडे मुले शिक्षा म्हणून पाहतात. परीक्षक तिच्यात गज सरळ चालतो का, तार बदलताना आवाज तुटतो का, वरच्या सप्तकात सूर टिकतो का हे सगळे अर्ध्या मिनिटात पाहतात. जलद स्केलपेक्षा एकसारखी स्केल महत्त्वाची मानावी.

तिसऱ्या महिन्यात एकट्याने वाजवायच्या रचना निश्चित कराव्यात. बहुतेक ठिकाणी दोन भिन्न स्वभावाच्या रचना मागतात, म्हणजे एक वेगवान आणि बांधीव, दुसरी संथ आणि गाणारी. येथे एक चूक सर्रास होते : मुलाला झेपणाऱ्या पातळीच्या एक पायरी वरची रचना निवडली जाते, कारण ती भारी वाटते. मी याच्या उलट सांगतो. विव्हाल्डीचा ए मायनर काँचेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंदासाठीची रचना), जो प्रत्येक व्हायोलिन शिकणारे मूल कधी ना कधी वाजवतेच, तो स्वच्छ सुरात, ठाम तालात आणि आवाजाचे चढउतार दाखवत वाजवलेला ऐकला की परीक्षकांना समाधान वाटते. अर्धवट जमलेला एखादा मोठा काँचेर्तो ऐकताना मात्र ते पुढच्या चुकीची वाट पाहू लागतात. निवडलेली रचना मुलाने आधी निदान तीन वेळा लोकांसमोर वाजवलेली असावी. पियानोची साथ आवश्यक असेल तर साथीदार लवकर ठरवावा आणि त्याच्यासोबत निदान दोन तालमी घ्याव्यात. पाठांतर सांगितले नसेल तर पान समोर ठेवायला संकोच नको.

चौथ्या-पाचव्या महिन्यात वाद्यवृंदातले उतारे हाती घ्यावेत. हे उतारे एखाद्या सिम्फनीतल्या आपल्या वाद्याच्या भागाचे काही ओळींचे तुकडे असतात आणि ते सहसा संस्थाच पाठवते. त्या पानावर गजाच्या दिशा, बोटे आणि गती जशी दिली असेल तशीच वाजवावी, आपल्याकडच्या दुसऱ्या आवृत्तीतली नव्हे. उताऱ्याची तयारी करताना आधी संपूर्ण रचना निदान दहा वेळा ऐकावी आणि त्या क्षणी बाकीचे काय वाजवत आहेत ते ओळखावे. उदाहरणार्थ, मोझार्टच्या 40 क्रमांकाच्या सिम्फनीच्या सुरुवातीला व्हायोला हळुवारपणे धडधडत असतात आणि त्यावर पहिली व्हायोलिन्स आपली धून घेऊन येतात. ही गोष्ट ठाऊक असलेले मूल एकटे वाजवत असतानाही ती धडधड मनात ऐकते. त्यामुळे त्याची गती ढळत नाही आणि आवाज उगीच मोठा होत नाही. बेथोव्हनच्या पाचव्या सिम्फनीच्या दुसऱ्या भागाची सुरुवात व्हायोला आणि चेलो मिळून करतात. तिथे तीन मात्रांच्या मापातले लांब-आखूड स्वर नेमके पडतात का आणि हळू आवाजातही सूर भरीव राहतो का, हे पाहिले जाते. एकट्याच्या रचनेत थोडी गती मागेपुढे झाली तर ती अभिव्यक्ती म्हणून चालून जाते. उताऱ्यात चालत नाही, कारण ज्या साठजणांसोबत ते वाजणार आहे ते थांबणार नसतात.

शेवटचा महिना रंगीत तालमींचा. सोसायटीच्या सभागृहात किंवा कोणाच्या दिवाणखान्यात तीन मोठी माणसे टेबलामागे बसवावीत, मुलाला बाहेर थांबवून नावाने बोलवावे, मध्येच ‘पुरे, आता दुसरी रचना’ म्हणून थांबवावे. गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात पाच मिनिटे मागून घ्यावीत. चार जिने चढून आल्या आल्या वाजवायला लावणे हाही चांगला सराव आहे, कारण ऑडिशनच्या दिवशी छातीचे ठोके साधारण तसेच वाढलेले असतात आणि धडधडत्या छातीने गज सरळ कसा ठेवायचा हे शरीराला आधी कळलेले असावे लागते.

ध्वनिचित्रफीत

पुष्कळ ठिकाणी पहिली फेरी ध्वनिचित्रफितीवर होते. मोबाइल पुरेसा असतो. तो मुलापासून दोन-तीन मीटरवर, छातीच्या उंचीला, स्टँडवर स्थिर ठेवावा. चित्रात चेहरा, दोन्ही हात आणि गज टोकापर्यंत दिसावा. एक रचना एका दमात, जोडकाम न करता चित्रित करावी आणि आवाजावर कोणतीही प्रक्रिया करू नये. फरशी आणि मोकळ्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून पडदे ओढावेत आणि खाली सतरंजी घालावी. पंखा बंद ठेवावा लागतो, त्यामुळे मे महिन्यात हे काम पहाटे उरकावे. घोडबंदर रस्त्यालगत राहणाऱ्यांना वाहनांच्या आवाजासाठीही पहाटच बरी. अंतिम तारीख भाद्रपदात येत असेल तर चित्रण त्याआधीच संपवावे, ढोल-ताशा सुरू झाल्यावर शांत तास मिळत नाही. आणि एका दिवसात चारपेक्षा जास्त वेळा चित्रण करू नये. त्यानंतर मूल थकते आणि प्रत्येक चित्रफीत आधीच्यापेक्षा वाईट येते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

वाद्य आणि पावसाळा

खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत लाकूड फुगते. पावसाळ्यात व्हायोलिनच्या खुंट्या अडकतात, हिवाळ्यात त्या सैल होऊन तारा उतरतात आणि कधी कधी वाद्याचा सांधा सुटून बारीक झिणझिण ऐकू येते. ऑडिशनच्या महिनाभर आधी वाद्य दुरुस्ती करणाऱ्याला दाखवावे. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या नियमाने बदलाव्यात. वाद्य बंद गाडीत उन्हात ठेवू नये, कारण व्हायोलिनचे भाग जोडणारा सरस उष्णतेने मऊ होतो. नव्या तारा साधारण दोन आठवडे आधी चढवाव्यात. आदल्या रात्री चढवलेली तार ताणली जात राहते आणि ऐन वेळी उतरते. गजाचे केस वाजवून झाल्यावर सैल करावेत. एक जादा ई तार पेटीत असावी. फुंकवाद्ये वाजवणाऱ्यांनी वातानुकूलित खोलीत सूर उतरतो हे लक्षात ठेवून वाद्य फुंकून गरम करावे आणि निदान दोन सरावलेल्या रीड (फुंकायच्या पात्या) सोबत न्याव्यात. चेलोच्या मुलांनी टोकदार दांडा घसरू नये म्हणून खाली ठेवायचा पट्टा विसरू नये, गुळगुळीत फरशीवर त्याच्याशिवाय चेलो पुढे सरकत राहतो.

त्या दिवशी

ऑडिशन बहुधा शनिवारी किंवा रविवारी असते आणि रविवारी मेगाब्लॉक असतो. आदल्या दिवशी वेळापत्रक पाहावे. नरिमन पॉइंटला जायचे असेल तर ठाण्याहूनच सुटणारी सीएसएमटीची स्लो लोकल पकडावी. वेळ थोडा जास्त लागतो, पण बसायला जागा मिळते आणि वाद्य मांडीवर सुरक्षित राहते. वाशी, नेरूळ, बेलापूरकरांना हार्बरवर ब्लॉक असल्यास ट्रान्सहार्बरने ठाण्याला येऊन पुढे जावे लागते, तेव्हा तासभर अधिक धरावा. चेलो किंवा डबल बेस असेल तर लोकलचा विचार सोडावा आणि टॅक्सी करावी. इमारतीत निदान 45 मिनिटे आधी पोहोचावे. अर्जाची प्रत, वयाचा दाखला, छायाचित्रे, सर्व संगीताची पाने आणि एक पेन्सिल आदल्या रात्री पेटीत ठेवावी. खांदे मोकळे राहतील असे, आधी घालून वाजवलेले कपडे असावेत. खाणे हलके, पण उपाशीपोटी नेऊ नये.

सरावाच्या खोलीत इतर मुले आपापल्या सर्वांत अवघड जागा सर्वांत मोठ्याने वाजवत असतात. आपल्या मुलाने तिथे एक सावकाश स्केल वाजवावी, सूर लावावा आणि गप्प बसावे. नवी दुरुस्ती त्या क्षणी कोणीही सुचवू नये, पालकांनी तर मुळीच नाही.

आत गेल्यावर नमस्कार करावा, शांतपणे सूर मिळवावा, रचनेचे नाव स्पष्ट सांगावे आणि सुरू करण्यापूर्वी पहिली दोन मापे मनात वाजवावीत. चूक झाली तर चेहऱ्यावर येऊ देऊ नये आणि मागे जाऊ नये. परीक्षकांनी मध्येच थांबवले तर त्याचा अर्थ त्यांना हवे ते ऐकून झाले एवढाच असतो.

यानंतर बहुधा तो क्षण येतो ज्यासाठी सगळी तयारी आहे. परीक्षक म्हणतात, ‘हीच ओळ पुन्हा वाजव, पण अगदी हळू आवाजात,’ किंवा ‘गज टोकाकडे वापरून पाहा.’ माझा एक विद्यार्थी पहिल्या वर्षी येथेच अडला. तो तयारीचा होता, रचना निर्दोष वाजवली होती, आणि सूचना मिळाल्यावर त्याने तीच ओळ जशीच्या तशी पुन्हा निर्दोष वाजवली. मी त्याला वर्षभर एकाच पद्धतीने घोटून घेतले होते, त्यामुळे त्याच्या हाताला दुसरी वाटच ठाऊक नव्हती. ती चूक माझी होती. पुढच्या वर्षी आम्ही प्रत्येक ओळ चार प्रकारे वाजवण्याचा खेळ केला : हळू, मोठ्याने, गजाच्या टोकाने, गजाच्या मुठीजवळ, आणि प्रकार कोणता ते मी ऐन वेळी सांगत असे. त्या वर्षी त्याची निवड झाली. तेव्हापासून शेवटच्या दोन महिन्यांत मी प्रत्येक विद्यार्थ्याकडून हा सराव करून घेतो, आणि पालकांनीही घरी तो घ्यावा. त्यासाठी संगीत येण्याची गरज नाही, चिठ्ठ्या उचलून चालते. सूचना कळली नाही तर मुलाने ‘सर, पुन्हा सांगाल का?’ असे विचारावे. विचारल्याने गुण जात नाहीत, न समजता वाजवल्याने जातात.

शेवटी थोडे बोलणे होते : काय ऐकतोस, रोज किती वाजवतोस, शाळा कोणती. उत्तरे खरी असावीत. आशा भोसले आवडतात हे सांगायला संकोच करू नये. पाठ केलेली परदेशी संगीतकारांची यादी लगेच ओळखू येते.

निकाल आणि त्यानंतर

घरी अर्ज भरण्यापूर्वीच एक गोष्ट ठरलेली असावी. निवड झाली तर वर्षभर शनिवार-रविवारच्या तालमी, प्रत्येक वेळी जाऊन-येऊन तीन-चार तासांचा प्रवास आणि दहावीच्या वर्षात क्लासच्या वेळांशी होणारी ओढाताण हे सगळे येते. ते जमणार नसेल तर मुलाला ऑडिशनला नेऊच नये, कारण मिळालेली जागा तीन महिन्यांत सोडणे त्याला निवड न होण्यापेक्षा जास्त लागते.

प्रतीक्षायादीत नाव आले तर दोन ओळींचे पत्र पाठवून आपण इच्छुक असल्याचे कळवावे आणि उतारे चालू ठेवावेत. प्रवेश घेतलेल्या मुलांपैकी काही दूर अंतरामुळे किंवा शाळेमुळे मागे हटतात आणि जागा अचानक रिकामी होते. निवड झाली नाही तर आठवडाभरात नम्रपणे अभिप्राय मागावा. अनेक संस्था तो देत नाहीत, पण ‘ताल पक्का करावा’ एवढे तीन शब्द जरी मिळाले तरी ते पुढच्या वर्षीच्या तयारीची दिशा ठरवतात, आणि ते मुलाच्या शिक्षकांपर्यंत जसेच्या तसे पोहोचवावेत.

निवड झालेल्या मुलांना पहिल्या तालमीआधी संगीताची पाने मिळतात. ती घरी बसवून न्यावीत, प्रत्येक दीर्घ विरामाआधी कोणते वाद्य वाजते ते ऐकून पानावर पेन्सिलने लिहावे, आणि दोघांत एकच पान असते, त्यात आपण आतल्या (प्रेक्षकांपासून दूरच्या) बाजूला बसणार असलो तर पान उलटण्याचे काम आपले असते हे लक्षात ठेवून पान कोठे उलटायचे ते शेजाऱ्याशी पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे.